गरोदरपणाचा केसपेपर तीन वर्षांत रद्दीत जाऊ नये: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळ,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

विषय: गरोदरपणातील औषधोपचारांच्या नोंदी जपण्याची मुदत वाढवण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी पॅथॉलॉजीची शिक्षिका आहे. वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ शिकवून निवृत्त झाले. माझे बहुतेक आयुष्य सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या पाहण्यात गेले आणि रुग्णाला समोर बसवून तपासण्याचा प्रसंग क्वचितच आला. त्यामुळे या पत्रात मी जे मागणार आहे ते तपासणीचे नवे यंत्र नाही, किंवा एखाद्या औषधावरची बंदीही नाही. मागणी एका कागदाची आहे. गरोदर बाईला कोणते औषध, कितव्या आठवड्यापासून कितव्या आठवड्यापर्यंत आणि कशासाठी दिले, हे लिहिलेला कागद तिच्या पोटातली मुलगी स्वतः आई होण्याच्या वयाची होईपर्यंत टिकला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. आयोगाचा पत्रव्यवहार हिंदी-इंग्रजीत चालतो हे मला ठाऊक आहे. तरीही पत्र मराठीत लिहिते आहे, कारण हा कागद ज्यांचा आहे त्या बायकांनी ते आधी वाचावे अशी माझी इच्छा आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी स्त्रीरोग विभागातील एका सहकारी बाईंनी मला एक एक्स-रे दाखवायला आणला. सव्वीस वर्षांची मुलगी, पाचव्या महिन्यात दुसऱ्यांदा गर्भपात झालेला. गर्भपिशवीत औषध सोडून काढलेल्या त्या चित्रात पोकळी नेहमीसारखी त्रिकोणी नव्हती. वरची आडवी रेघ आणि खाली अरुंद दांडा, इंग्रजी टी अक्षरासारखी ती दिसत होती. मुलीबरोबर तिची आई आली होती. आईला विचारले तेव्हा तिने सांगितले की या मुलीच्या आधी तिचीही दोन गरोदरपणे गेली होती, म्हणून तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी 'टिकावा म्हणून' गोळ्या आणि इंजेक्शने दिली. गोळ्या पांढऱ्या, बारीक, सातव्या महिन्यापर्यंत रोज. नाव? नाव तिला कुणी सांगितले नव्हते. ज्या प्रसूतिगृहात ती जात असे तिथे चौकशी केली, तर जुने डॉक्टर निवृत्त झालेले होते आणि केसपेपर रद्दीत गेलेले होते. अशी पोकळी काही जणींत जन्मजात असते, आणि आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयरोगानेही ती आक्रसून तशी दिसते, हे मी त्या मुलीला समजावून सांगितले. तिच्या बाबतीत नेमके काय घडले हे सांगता येणार नाही, हेही सांगितले. ते उत्तर खरे होते. पण त्या उत्तराचे कारण वैद्यकशास्त्राचे अज्ञान नव्हते, हरवलेला कागद होता, ही गोष्ट मला आजही टोचते.

त्या प्रसूतिगृहाने कोणताही नियम मोडला नव्हता. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक वर्तणूकविषयक विनियमांनुसार डॉक्टरने आपल्या आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. या वाक्यातल्या दोन शब्दांकडे मी मंडळाचे लक्ष वेधू इच्छिते. पहिला शब्द 'आंतररुग्ण'. गरोदर बाई दवाखान्यात दाखल होते ती बाळंतपणाला. त्याआधीचे आठ-नऊ महिने ती बाह्यरुग्ण असते आणि तिच्या पोटातल्या गर्भापर्यंत जी औषधे पोहोचतात ती जवळजवळ सगळी याच काळात, बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठीवर लिहिली जातात. म्हणजे ज्या कागदाविषयी मी बोलते आहे तो जपण्याचे बंधन या विनियमात मुळातच नाही. दुसरा शब्द 'तीन वर्षे'. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध केले, त्यातही मुदत तीनच वर्षांची होती, फक्त मोजणी रुग्णाच्या शेवटच्या भेटीपासून धरली होती; आणि ते विनियम त्याच महिन्यात स्थगित झाल्याने २००२ चा जुना नियमच पुन्हा लागू झाला. तीन वर्षांनी त्या गर्भातली मुलगी बालवाडीच्या उंबऱ्यावर असते. तिची पाळी सुरू व्हायला अजून आठ-नऊ वर्षे असतात आणि मूल हवे असण्याचा प्रश्न तर वीस-पंचवीस वर्षे दूर असतो.

वीस-पंचवीस वर्षांचा हा हिशेब कल्पनेतला नाही. तो अमेरिकेत आणि युरोपात एका गोळीने करून दाखवला आहे, आणि मी ज्या पुराव्यावर ही मागणी उभी करते आहे तो मुख्यतः त्या गोळीचा आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, ज्याला सगळे डीईएस म्हणतात, हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) १९३८ मध्ये लंडनला चार्ल्स डॉड्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. संशोधन सरकारी पैशातून झाले होते आणि त्याचे पेटंट घेतले नव्हते. त्यामुळे ते स्वस्त होते आणि कुणीही बनवू शकत होते. बोस्टनमधील जॉर्ज व ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याने असा सिद्धान्त मांडला की गर्भपात टळावा म्हणून हे औषध द्यावे. सातव्या आठवड्याच्या सुमारास रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत १२५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा चढवत न्यावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९४७ मध्ये या वापराला मान्यता दिली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात विल्यम डिकमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,६०० गरोदर स्त्रियांवर, निम्म्यांना डीईएस आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देऊन, हे औषध तपासले आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही असे दाखवले. उपयोग नसल्याचे कळल्यावरही ते आणखी अठरा वर्षे लिहिले जात राहिले. वैद्यकाच्या इतिहासातली ही अठरा वर्षे मी प्रत्येक वर्गाला शिकवत आले. मुलांना ती नेहमीच एखादी दूरदेशीची गोष्ट वाटे.

१९६६ ते १९६९ या काळात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी संलग्न रुग्णालयात सात तरुण मुली योनिमार्गाच्या एका विशिष्ट कर्करोगाने आल्या. क्लिअर सेल अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा त्या भागाचा कर्करोग त्या वयात जवळपास दिसतच नसे. शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयातली आठवी मुलगी त्यांत मिळवली. सगळ्यांची वये १५ ते २२. यांच्यापैकी एकीच्या आईनेच तिथले डॉक्टर हॉवर्ड उल्फेल्डर यांना विचारले की मी पोटुशी असताना घेतलेल्या त्या गोळ्यांचा तर हा परिणाम नसेल? आर्थर हर्ब्स्ट, उल्फेल्डर आणि साथरोगतज्ज्ञ डेव्हिड पॉस्कान्झर यांनी मग जे केले ते मंडळाने मुद्दाम लक्षात घ्यावे अशी विनंती आहे. प्रत्येक मुलगी ज्या रुग्णालयात जन्मली होती त्याच रुग्णालयाच्या जन्मनोंदी काढून, तिच्या जन्माच्या मागेपुढे पाच दिवसांत तिथेच जन्मलेल्या चार-चार मुली त्यांनी तुलनेसाठी निवडल्या आणि सगळ्यांच्या आयांची माहिती मिळवली. आठ रुग्ण मुलींपैकी सात जणींच्या आयांनी डीईएस घेतले होते. तुलनेतल्या ३२ जणींच्या आयांपैकी एकीनेही नाही. हा निबंध एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी प्रशासनाने गरोदर स्त्रियांना हे औषध देऊ नये असे जाहीर केले. फ्रान्समध्ये ते १९७७ पर्यंत दिले जात होते.

आठ मुली म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चिमूटभर. तरी निष्कर्ष ठाम निघाला, कारण तुलनेच्या मुली निवडायला वीस वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी शाबूत होत्या. त्या मुली सातारा, जळगाव किंवा नांदेड जिल्ह्यात जन्मल्या असत्या तर? जन्ममृत्यू नोंदणीमुळे जन्माची तारीख मिळाली असती. आईने काय घेतले हे मात्र तिच्या आठवणीवरच सोडावे लागले असते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या बारीक गोळीची आठवण किती पुरते हे मी वर सांगितलेच आहे.

हे औषध आईला फारसे काही न करता मुलीला इतके का भोवले, हे थोडक्यात मांडते. गर्भात आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास म्युलेरियन नलिकांची एक जोडी असते. मुलगा असेल तर त्याच्या वृषणांतून निघणाऱ्या संप्रेरकाने ती विरते. मुलगी असेल तर तिच्या वरच्या टोकांच्या गर्भनलिका होतात, खालचे भाग एकमेकांना चिकटून मधली भिंत विरते आणि गर्भाशय, त्याचे तोंड आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. कोणत्या भागाने काय व्हायचे हे ठरवणारी जनुके ठरावीक जागी, ठरावीक आठवड्यांत चालू होतात. उंदरांवरील प्रयोगांत दिसले की डीईएस यांपैकी काही जनुकांचे, विशेषतः होक्स आणि डब्ल्यूएनटी गटांतल्या जनुकांचे, काम दाबते. योनिमार्गाच्या आतल्या अस्तराने उभ्या, ग्रंथींसारख्या पेशी टाकून चपट्या पेशींचे थर धरायचे असतात, तो बदल अर्धवट राहतो आणि ग्रंथींच्या पेशी जिथे नसायला हव्यात तिथे उरतात. काचपट्टीवर हे अस्तर मी पाहिले आहे; शिकवायला परदेशातून आलेल्या संचात ते होते. दिसायला ते अगदी निरोगी असते, फक्त जागा चुकलेली असते. आईचे शरीर घडून गेलेले असते म्हणून तिच्यात असे काही होत नाही. मुलीचे शरीर घडत असते, आणि घडण्याची ती खिडकी काही आठवड्यांतच मिटते. म्हणूनच कागदावर औषधाच्या नावाइतकाच आठवडा महत्त्वाचा आहे. अठराव्या आठवड्यानंतर सुरू केलेल्या आणि आठव्या आठवड्यात सुरू केलेल्या डीईएसचे परिणाम सारखे नव्हते.

कर्करोग हजारात एखादीलाच झाला. त्याने मथळे मिळवले, पण बहुसंख्य मुलींच्या वाट्याला जे आले ते कमी नाट्यमय आणि जास्त दीर्घ होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने डीईएसच्या संपर्कात आलेल्या ४,६५३ मुली आणि न आलेल्या १,९२७ मुली यांचा पाठपुरावा अनेक दशके केला गेला, आणि २०११ मध्ये रॉबर्ट हूव्हर व सहकाऱ्यांनी वयाच्या ४५ पर्यंतचा हिशेब मांडला. वंध्यत्व ३३.३ टक्के, संपर्क नसलेल्यांत १५.५. गर्भाशयाबाहेर गर्भ राहणे १४.६ टक्के, इतरांत २.९. मुदतपूर्व प्रसूती ५३.३ विरुद्ध १७.८. दुसऱ्या तिमाहीतला गर्भपात १६.४ टक्के, आणि इतरांत अवघा १.७. ४५ च्या आत पाळी जाणेही सुमारे तिप्पट. यांतल्या कित्येक मुली मोठ्या गटात घेता आल्या त्या आयांच्या प्रसूतीच्या जुन्या नोंदी चाळूनच. शिकागोच्या त्या १९५३ च्या चाचणीतल्या कागदांचाही उपयोग झाला: गोळी कुणाला आणि निष्क्रिय गोळी कुणाला हे लिहिलेले होते, म्हणून पुढे दोन्ही गटांतली मुले मोठी झाल्यावर तपासता आली. निरुपयोगी ठरलेल्या चाचणीचे कागदसुद्धा कुणीतरी फेकले नव्हते.

कागद नसले की काय होते याचेही उदाहरण त्याच देशात आहे. डीईएस सुमारे २०० कंपन्या बनवत होत्या आणि गोळ्या एकसारख्या होत्या. ज्युडिथ सिंडेल या तरुणीने दावा लावला तेव्हा आपल्या आईने कोणत्या कंपनीची गोळी घेतली हे तिला सिद्ध करता येईना. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाला शेवटी बाजारातल्या वाट्याच्या प्रमाणात कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे नवे तत्त्वच काढावे लागले. आपल्याकडची न्यायालये असे तत्त्व काढतील की नाही हे मी सांगू शकत नाही. परंतु औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच लिहिलेले असताना न्यायालयावर तशी वेळ आणण्याची गरज काय?

हा प्रश्न परदेशातला आहे असे कुणी म्हणेल म्हणून सांगते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांची जास्त मात्रेची एकत्रित औषधे आपल्या देशात बायकांना गर्भ राहिला आहे का हे पाहायला, आणि कित्येकदा चुकलेली 'पाळी आणायला' दिली जात असत. गर्भ असेल तर तो त्या औषधाच्या तडाख्यात सापडे. स्त्री-आरोग्याच्या संघटनांनी आणि वैद्यक क्षेत्रातल्या जागरूक मंडळींनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, उत्पादकांनी न्यायालयांतून स्थगिती आणली, १९८७ मध्ये सार्वजनिक सुनावण्या झाल्या आणि बंदी प्रत्यक्षात आली ती १९८८ मध्ये. ब्रिटनमध्ये अशाच गोळ्या १९७८ मध्ये बाजारातून गेल्या होत्या. त्या काळात आपल्याकडे ज्या बायकांनी त्या घेतल्या आणि ज्यांचा गर्भ तरीही टिकला, त्यांच्या मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचे काही बिघडले का, हा प्रश्न आज विचारताच येत नाही. त्या कोण हेच कुठे लिहिलेले नाही. संप्रेरकांच्या बाबतीत एका पिढीचा पुरावा आपण असा हातचा घालवला आहे.

आता आजचे. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात १९५९ पासून पुढे काही वर्षे याकोब येरुशाल्मी यांनी हजारो गरोदर स्त्रियांच्या नोंदी केल्या आणि त्यांचे रक्त गोठवून ठेवले. त्या रक्तात काय शोधायचे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांनी बार्बरा कोन आणि सहकाऱ्यांनी त्यात डीडीटी हे कीटकनाशक मोजले. २००३ मध्ये त्यांनी २८ ते ३१ वयाच्या २८९ मुलींविषयी लिहिले: आईच्या रक्तात डीडीटी लिटरला १० मायक्रोग्रॅम जास्त असेल तर मुलीला त्या-त्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होती, आणि डीडीटीपासूनच बनणाऱ्या डीडीईच्या बाबतीत ती उलट १६ टक्क्यांनी जास्त होती. निष्कर्ष असे गुंतागुंतीचे असतात, आणि एकाच दिशेचे आकडे सांगणाऱ्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. २०१५ मध्ये त्याच नोंदींतल्या मुलींच्या मोठ्या गटाविषयी असे दिसले की आईच्या रक्तात एका प्रकारचे डीडीटी सर्वांत जास्त होते त्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास चौपट होते. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी येथील सरकारी कारखान्यात वर्षानुवर्षे डीडीटी बनले, आणि हिवतापाच्या मोहिमेत फवारणीवाले घराच्या भिंती पांढऱ्या करून जात हे माझ्या पिढीने गावोगावी पाहिले आहे. हिवतापाने माणसे मरत होती आणि त्या फवारणीने ती वाचली, हे मी विसरलेले नाही. पण कोणत्या घरातली कोणती बाई तेव्हा गरोदर होती, हे कुणी लिहून ठेवले नाही.

ओकलंडच्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती आजच्या प्रसूतिगृहांशी थेट जोडलेली आहे. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट या कृत्रिम प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन साठच्या दशकात ज्या आयांना दिले गेले, त्यांच्या मुलांमध्ये पुढे कर्करोगाचे प्रमाण जवळपास दुप्पट दिसले. अभ्यास एकच आहे, इंजेक्शन घेतलेल्यांची संख्या लहान आहे, आणि एवढ्यावर कुणी घाबरून जावे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत या इंजेक्शनची मान्यता एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली गेली, ती मुदतपूर्व प्रसूती टळते हे सिद्ध न झाल्यामुळे. प्रोजेस्टेरॉनचे सगळेच उपयोग व्यर्थ आहेत असेही नाही: आधी गर्भपात झालेल्या आणि या वेळी रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना त्याचा फायदा होतो असा पुरावा आहे, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत ते लागतेच, गर्भाशयाचे तोंड आखूड असेल तरी ते देतात. परंतु आपल्याकडे 'सपोर्ट' म्हणून ही औषधे यापलीकडे किती सढळपणे लिहिली जातात हे मंडळातल्या प्रत्येक डॉक्टर सदस्याला माहीत आहे. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. स्मिथ दांपत्याचाही चांगलाच होता.

औषधांपलीकडे रोजच्या वापरातली रसायने आहेत, आणि त्यांच्याविषयी मी अधिक जपून बोलेन. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातील शेतमजूर कुटुंबांच्या ३३८ मुलामुलींच्या अभ्यासात, गरोदर आईच्या लघवीत डायइथाइल थॅलेटचे अंश किंवा ट्रायक्लोसन जास्त असेल तर मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा किंवा पाळी लवकर दिसली. हे २०१९ चे निष्कर्ष आहेत. पहिले रसायन सुगंधी प्रसाधनांत असते, दुसरे जंतुनाशक साबणांत असे. प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची सुरक्षित मात्रा युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये एकदम २०,००० पटींनी खाली आणली, तीही मुख्यतः रोगप्रतिकारशक्तीवरच्या परिणामांमुळे, आणि त्यावर जर्मनीतल्या संस्थेचा मतभेद आहे. डीईएससारखा निर्विवाद पुरावा या रसायनांविरुद्ध नाही. शरीरातून ती तासाभरात, दिवसाभरात निघून जातात, म्हणून कागदावर लिहून त्यांचा माग ठेवणे अवघड आहे. त्यामुळे माझी मागणी औषधांपुरती ठाम आहे. बाकीच्यांसाठी एवढेच की गरोदरपणात बाई कोणते काम करत होती, कीटकनाशकाची फवारणी, ब्यूटी पार्लर, प्लास्टिकचा किंवा रंगाचा कारखाना, हे एका ओळीत लिहायला कुणाचे काही जात नाही.

मंडळाने काय करावे असे मला वाटते ते आता सांगते. स्थगित झालेले विनियम पुन्हा हाती घेतले जातील तेव्हा गरोदरपणातील नोंदींसाठी स्वतंत्र कलम असावे, ते बाह्यरुग्णांनाही लागू असावे आणि मुदत बाळाच्या जन्मापासून किमान ३० वर्षांची असावी. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत प्रसूतीच्या नोंदी २५ वर्षे ठेवतात. आपल्याकडे शहरांत कित्येक जणींना पहिले मूल आता तिशीच्या आसपास होते, म्हणून मी पाच वर्षे जास्त मागते आहे. दहा खाटांच्या प्रसूतिगृहात तीस वर्षांचे कागद ठेवायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी सगळी फाइल मागत नाही. मागते ते एक पान: औषधाचे मूळ नाव, कंपनी, मात्रा, सुरू केल्याचा आणि थांबवल्याचा आठवडा, कारण, आणि कामाची ती एक ओळ. हे पान प्रसूतीनंतर घरी जाताना डिस्चार्ज कार्डाला जोडून आईच्या हाती द्यावे आणि त्याची प्रत प्रसूतिगृहाने ठेवावी. सरकारी दवाखान्यात माता व बाल संरक्षण कार्ड आहेच. त्यात लोह आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनांसाठी रकाने आहेत, तिथे आणखी एक पान घालता येईल. आशाताईंवर आधीच इतका भार आहे की हे काम त्यांच्यावर ढकलू नये. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरनेच ते भरावे.

हीच माहिती संगणकावर ठेवून आरोग्य खात्याच्या डिजिटल ओळखक्रमांकाशी जोडता येईल असे मला तरुण सहकारी सुचवतात. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे, आणि मला त्यातच धास्ती वाटते. गरोदरपणाच्या कागदात आधीचे गर्भपात असतात, वंध्यत्वाचे उपचार असतात, कधी सासरी न सांगितलेल्या गोष्टी असतात. हे सगळे कुठल्या कार्यालयाच्या, विमा कंपनीच्या किंवा नात्यातल्या माणसाच्या नजरेला पडणे म्हणजे एका संकटातून दुसरे ओढवून घेणे. म्हणून हे पान आईचे असावे, तिच्या संमतीशिवाय कुणाला दाखवता येऊ नये, आणि मुलगी सज्ञान झाल्यावर औषधांपुरती माहिती मागण्याचा हक्क तिलाही असावा. आई आणि मुलगी यांच्या हक्कांत इथे ओढाताण होईल हे मला दिसते. त्या बाबतीत कायद्याच्या जाणकारांना बसवून तोडगा काढावा लागेल; मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मला तो काढता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मला मांडलीच पाहिजे. परदेशातल्या डीईएस-मुलींच्या हकिकती वाचताना मला सर्वांत अस्वस्थ केले ते त्यांच्या आयांनी. मूल हवे म्हणून ज्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकता घेतली, त्या जन्मभर स्वतःला दोष देत राहिल्या. आपल्या समाजात तर मूल होत नाही याचे खापर आधीच बाईच्या माथी असते; आता त्यात तिच्या आईचीही भर पडायची. हे पान आईला दोष चिकटवण्याचा पुरावा होऊ नये यासाठी त्यावर औषध कुणी लिहिले त्या डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक ठळक असावा. माझ्या व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. एक्स-रे पाहून झाल्यावर त्या मुलीची आई मला म्हणाली होती, "बाई, मी विचारायला पायजे होतं का हो, कसल्या गोळ्या आहेत म्हणून?" विचारण्याची जबाबदारी तिची नव्हती, लिहून देण्याची आमची होती, हे मी तिला तेव्हा नीट सांगू शकले नाही.

वैद्यकीय अभ्यासक्रमात बदल होताना स्त्रीरोगाच्या रुग्णाची पूर्वहकिकत घेण्याच्या प्रश्नांत एक प्रश्न घालावा अशी जोडविनंती आहे: गर्भपात, वंध्यत्व किंवा गर्भाशयाच्या रचनेतला दोष घेऊन आलेल्या तरुणीला 'तुमच्या आईला तुमच्या वेळी काही औषधे दिली होती का?' असे विचारले जावे. आज हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा मिळणार नाही. या वर्षी जन्मणाऱ्या मुलींना तो विचारला जाईल तेव्हा साल २०५० च्या आसपास असेल.

त्या एका पानाचा नमुना मी तयार केला आहे. त्यात चौदा ओळी आहेत आणि तो भरायला मला स्वतःला सहा मिनिटे लागली. मंडळाने मागवल्यास मराठीतला आणि इंग्रजीतला, दोन्ही पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजी शिक्षिका, महाराष्ट्र